दोन तिकिटांची माणसं

आमच्या खात्यात चार माणसं आणि एक मोठी भिंत आहे. विमानं कुठून कुठे उडणार हे ठरवणारी खोली म्हटल्यावर भिंतीवर नकाशा असेल असं लोकांना वाटतं. नकाशा नाही. भिंतभर वेळापत्रक आहे: डावीकडे विमानांचे नंबर, वर तास, मधे रंगीत पट्ट्या. कुठलं गाव कुठे आहे याच्याशी आमचं फारसं देणंघेणं नसतं. ते किती मिनिटांवर आहे, एवढंच आम्ही विचारतो.

खात्याच्या प्रमुखांना आम्ही समोर ‘सर’ म्हणतो आणि पाठीमागे ‘मिनिट’. अठ्ठावन्न वर्षांचे, अंगाने भरलेले, उजवा गुडघा कुरकुरणारा. ते कधी ‘तासभर’ म्हणत नाहीत, ‘साठ मिनिटं’ म्हणतात. लग्नाला किती वर्षं झाली असं कुणी विचारलं तर क्षणभर मनात गुणाकार करत असावेत असा चेहरा होतो. त्यांच्या शेजारच्या टेबलावर वेळापत्रकवाल्या बाई बसतात. भिंतीवरची प्रत्येक पट्टी गेली बावीस वर्षं त्यांच्या हाताखालून जाते, आणि त्यांच्याकडे पाच मिनिटं मागायला गेलेला माणूस सहसा दहा मिनिटं बोलणी खाऊन परत येतो. तिसरा सहकारी दिवसभर फोनवर असतो. या गोष्टीत त्याचं काही काम नाही. चौथी मी. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि मोजायचं काम करते. आई मात्र सगळ्यांना सांगते, “आमची धाकटी विमानं सोडते.”

आईला मी आमचं काम एकदा नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. समज, तीस शहरं आहेत. प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराला थेट विमान द्यायचं तर चारशे पस्तीस मार्ग लागतात. एवढी विमानं कुणाकडेच नसतात. त्याऐवजी एक शहर मध्यावर धरायचं, म्हणजे आमचं हब. बाकीच्या एकोणतीस शहरांतून तिथे विमानं आणायची, तीही साधारण एकाच वेळी, आणि थोड्या वेळाने सगळी परत बाहेर सोडायची. मधल्या वेळात माणसं आपापलं विमान बदलतात. एकोणतीस मार्गांत चारशे पस्तीस जोड्या जुळतात.

आई म्हणाली, “म्हणजे सगळ्यांना एका जागी आणून पळायला लावता.”

मी म्हटलं की पळायला नाही, चालायला. त्यासाठी नियम आहे. हबवर एक विमान उतरल्यापासून दुसरं सुटेपर्यंत किमान पंचेचाळीस मिनिटं मधे असली, तरच आमची यंत्रणा ती दोन विमानं जोडून एका तिकिटावर विकते. चव्वेचाळीस असली तरी विकत नाही. आईने मान हलवली. पटलेलं नसतं तेव्हा ती अशीच हलवते.

दर हंगामाआधी आम्ही एक यादी करतो. तिच्यात सगळ्यात खाली येणारे मार्ग बंद होतात आणि त्यांची विमानं दुसरीकडे जातात. या वेळी विक्रीवाल्यांना एका बेटासाठी विमान हवं होतं. त्यांनी त्या बेटाच्या निळ्या पाण्याची इतकी चित्रं पाठवली होती की सरांनी शेवटी विचारलं, यातल्या कुठल्या चित्रात धावपट्टी आहे. पण मागणी खरी होती आणि विमान एकच होतं. यादीत तळाला होतं सहाशे बारा.

सहाशे बारा हे अठ्ठेचाळीस जणांचं छोटं विमान. धरणाच्या गावाहून सकाळी सव्वासातला निघतं आणि आठ वीसला हबवर उतरतं. रोज सरासरी एकतीस माणसं. हबपुरतं येणाऱ्या माणसांवर एवढ्या छोट्या विमानाचं भागत नाही. त्यातली बरीच जण पुढे आमच्याच दुसऱ्या विमानात बसली, तरच तो मार्ग टिकतो. आणि आमच्या तक्त्यात सहाशे बारामधून पुढे जाणाऱ्यांची संख्या होती शून्य. महिन्यातून एखादा चुकार प्रवासी सोडला तर अगदी स्वच्छ, गुळगुळीत शून्य.

सरांनी यादीतले शेवटचे पाच मार्ग तपासायला मला दिले. मी जागेवरून उठले नाही तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

“सर, माझी ताई धरणावर काम करते. ती दर शनिवारी याच विमानाने येते.”

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. धरणाची भिंत किती सरकली हे मोजणारी यंत्रं तिच्या ताब्यात असतात. भिंत वर्षाला तीन-चार मिलिमीटर पुढेमागे होते आणि ताईला तिची माझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. भावजी दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना हबच्या पलीकडे, उत्तरेला, आम्ही ‘वरचं शहर’ म्हणतो तिथे. दवाखाना आणि धरण, दोन्हीही उचलून नेता येत नाहीत. चार वर्षांची भाची भावजींकडे असते, कारण गावात तिच्यासाठी शाळा नाही. ताई शनिवारी सकाळी निघते, साडेदहाला तिकडे पोचते आणि रविवारी संध्याकाळी परत फिरते. सहाशे बारा बंद झालं तर उरते अकरा तासांची बस. म्हणजे शनिवार जाण्यात आणि रविवार येण्यात. ताईला मग नोकरी तरी सोडावी लागली असती, नाहीतर मुलीला महिन्यातून एकदा पाहण्यावर भागवावं लागलं असतं. मुलीला ती सोडणार नाही हे मला माहीत होतं, आणि धरण सोडलेली ताई मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हती.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले की तपास मीच करायचा, मात्र आकडे त्यांना दाखवल्याशिवाय कुठे लिहायचे नाहीत, आणि यादीवर बैठक होईपर्यंत ताईला एक अक्षर सांगायचं नाही. एक अक्षरही नाही म्हणजे शून्य मिनिटं, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

त्या रात्री जेवताना मला पहिल्यांदा साधा प्रश्न पडला. ताई दर शनिवारी आमच्या विमानाने हबला येते आणि तिथून आमच्याच विमानाने पुढे जाते. मग तक्त्यात शून्य कसं? निदान एक तरी हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. सरळ विचारता येत नव्हतं, म्हणून आधी भाचीची, मग धरणाची चौकशी केली. धरणाची चौकशी मी जन्मात कधी केली नव्हती, त्यामुळे तिला लगेच वास आला.

“काय हवंय, विद्वान?” मी एम.एस्सी. झाल्यापासून ती मला याच नावाने हाक मारते.

मी म्हटलं, सहज, प्रवाशांचे अनुभव गोळा करतेय. ती तिकीट कसं काढते?

“दोन काढते.”

“दोन का?”

“कारण तुझ्या कंपनीचं यंत्र मला एक देत नाही. हबपर्यंतचं मागितलं की देतं. हबपासून पुढचं मागितलं की तेही देतं. दोन्ही एकदम मागितलं की म्हणतं, पुढचं विमान दुपारी दोनला आहे, तोवर बसा. मी कशाला बसू? नऊचं विमान समोर उभं असतं. उतरायचं आणि पळायचं.”

ती पुढे सांगत राहिली. सामान घ्यायचं नाही, फक्त पाठीवरची पिशवी. शेवटच्या चार रांगांत जागा घ्यायची, कारण त्या छोट्या विमानाचं दार मागे असतं. सपाट बूट. सरकता पट्टा गेलं वर्षभर बंद आहे, त्याच्यावर चढायचं नाही, शेजारून जायचं. आणि सगळ्यात पुढे पोचेल त्याने गेटवरच्या मुलीला आकडा सांगायचा: अजून इतके येताहेत.

“इतके म्हणजे कोण?” मी विचारलं.

“आम्ही. रोज पळणारे. शनिवारी तर निम्मं विमान पळतं.” मग ती थांबली. “तुम्हाला हे माहीत नाही?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काय, हे त्या दिवशी मला कळलं. आमची यंत्रणा चाळीस मिनिटांची जोडणी विकत नाही. म्हणून माणसं दोन वेगळी तिकिटं काढतात. दोन तिकिटं काढलेला माणूस आमच्या तक्त्यात दोन माणसं होतो: एक हबला उतरून घरी जाणारा, आणि दुसरा हबमध्ये राहणारा, जो त्याच सकाळी वरच्या शहराला निघालाय. मधलं पळणं कुठेच नोंदलं जात नाही. आपणच दार बंद करायचं आणि मग या दारातून कोणी येत नाही असं लिहायचं, असं आम्ही दोन वर्षं करत होतो. वर मागच्या वर्षी माझ्याच हातून एक वाक्य लिहिलं गेलं होतं, ‘धरणाच्या गावात हबपुरत्या प्रवासाची मागणी वाढताना दिसते.’ त्याखाली वर चढणारी रेघही काढली होती. देखणी होती.

दोन वर्षंच का, हेही जुन्या कागदांत सापडलं. आधी सहाशे बारा आठ पाचला उतरायचं. मधे पंचावन्न मिनिटं होती आणि रोज पंधरा-सोळा जण एका तिकिटावर पुढे जायचे. मग गावच्या विमानतळाचं पत्र आलं. तिथे आगीचा बंब एकच आहे, त्याच्या माणसांची पाळी पंधरा मिनिटं उशिरा सुरू होणार, आणि बंब हजर नसताना विमान सोडता येत नाही. म्हणून पट्टी पंधरा मिनिटं उजवीकडे सरकली. हबवरून आमची अकरा विमानं आठ पन्नास ते नऊच्या दरम्यान सुटतात. त्या दिवसापासून अकराही जोडण्या पंचेचाळीसच्या खाली गेल्या.

तिकीट विभागाला मी विनंती केली की सहाशे बाराच्या आणि त्या अकरा विमानांच्या याद्या ताडून पाहा. नावं मला नकोत, फक्त आकडा द्या. आकडा आला: रोज सरासरी सतरा. त्यातले अकरा एकट्या वरच्या शहराच्या, नऊच्या विमानात.

मी धापा टाकत सरांकडे गेले. म्हटलं, हबवर छोटी विमानं उतरतात त्या कोपऱ्यासाठी नियम चाळीस मिनिटांचा करून घेऊ. विमानतळ तशी सवलत देऊ शकतो. सतरा माणसं रोज जाऊन दाखवताहेत, याहून मोठा पुरावा कुठला?

सर खुर्चीत मागे रेलले. “तुझी ताई किती वर्षांची?”

“बत्तीस.”

“पिशवी पाठीवर, बूट सपाट, दारं तोंडपाठ. तू पळणाऱ्यांची सरासरी काढलीस. जे पळू शकत नव्हते ते दोन तिकिटं काढायच्या भानगडीतच पडले नाहीत, ते तुझ्या आकड्यात नाहीत. एका तिकिटावर विकायचं म्हणजे माझ्यासारख्यालाही विकायचं.” त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. “चला, मोजू.”

नमुना कसा निवडावा यावर मला विद्यापीठात पदक मिळालं होतं. ते मी सरांना कधी सांगितलं नव्हतं आणि आता सांगायची शक्यता मावळली.

हिशोब असा होता. विमान थांबल्यावर दार उघडून उतरायला पाच मिनिटं. पुढच्या विमानाचं गेट सुटण्याआधी पंधरा मिनिटं बंद होतं. चाळीसातून वीस गेली, वीस उरली. या वीस मिनिटांत सर उतरल्या जागेपासून गेटपर्यंत आपल्या पायांनी पोचले, तर सवलतीचा अर्ज पाठवायचा. विमानतळाने साक्षीला एक अधिकारी दिला. त्याला मोकळा दिवस मिळाला तो नेमका शनिवार.

शनिवारी आठ वीसला मी गेटजवळच्या एका खांबामागे घड्याळ घेऊन उभी होते. दुसरं घड्याळ अधिकाऱ्याकडे, तो सरांच्या मागे दहा पावलांवर चालणार होता. सर विमानाच्या शिडीजवळ थांबणार होते आणि शेवटचा प्रवासी उतरला की त्याच्यामागून निघणार होते, हातात चाकांची बॅग घेऊन. बॅगेत त्यांनी जुनी वेळापत्रकं भरली होती. वजन खरं हवं, म्हणाले.

नवव्या मिनिटाला पहिला पळणारा दिसला, एक उंच माणूस. तो गेटवरच्या मुलीला म्हणाला, “अजून अठरा,” आणि रांगेत शांतपणे उभा राहिला. मग दोघं, मग चौघं. सगळ्यांचे चेहरे लाल, पण घाई कुणाच्या बोलण्यात नव्हती. रोजच्या व्यायामाला आल्यासारखी माणसं होती. सोळाव्या मिनिटाला ताई दिसली. तिच्या पाठीवर पिशवी होती आणि हातात सरांची बॅग. शेजारी सर, घामाने निथळत, तिच्या वेगाने चालत. आणि ताई त्यांना सुनावत होती.

“पाय उचला काका, आलंच. बोलू नका, श्वास जपून वापरा. त्या कंपनीतली माणसं कधी एकदा तरी इथून चालली असती ना, तर कळलं असतं. खुर्चीत बसून रेघा मारतात. माझी धाकटी बहीण तिथेच आहे, हुशार आहे हो, पण तीही त्यातलीच.”

“असं?” सर कसेबसे म्हणाले.

ते सतराव्या मिनिटाला गेटवर पोचले. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांबामागून बाहेर आले नसते, पण घड्याळ बंद करताना ते वाजलं आणि ताईने वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वहीकडे, मग सरांच्या शर्टातून बाहेर आलेल्या ओळखपत्राकडे. माझं ओळखपत्रही त्याच निळ्या फितीचं होतं. सरांची बॅग तिने अलगद खाली ठेवली.

ती माझ्याजवळ आली. आवाज एकदम खाली आला होता.

“बंद करताय ना?”

मी काही बोलले नाही. एक अक्षरही नाही. पण माझा चेहरा लहानपणापासून फितूर आहे. त्याने आजवर एकही गुपित ठेवलेलं नाही, आणि ताई त्याला माझ्यापेक्षा चांगली ओळखते. तिने माझ्या दंडाला हात लावला, ‘असू दे’ म्हणतात तसा, आणि वळून रांगेत गेली. ती नेहमी टोमणा मारून जाते. त्या दिवशी मारला नाही, हेच मला जास्त लागलं.

सर बाकावर बसले होते. अधिकारी म्हणाला की सतरा मिनिटं म्हणजे उत्तमच, लिहून टाकू का? मला हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “दुसऱ्याने बॅग उचलली, वाट दाखवली. हे मोजमाप धरता येणार नाही.” विद्यापीठाने अशा वेळी फार नुकसान केलेलं असतं.

“बरोबर,” सर म्हणाले. उठले, बॅग घेतली आणि अख्खी वाट उलटी चालून शिडीजवळ गेले. मग पुन्हा निघाले, एकटे. एका चुकीच्या जिन्यापाशी थांबले. तपासणीला कमरेचा पट्टा काढताना वेळ गेला. बंद सरकत्या पट्ट्यावर चढले आणि मधेच लक्षात आल्यावर त्यावरूनच पुढे चालत राहिले. गेटला पोचले तेव्हा घड्याळात बावीस मिनिटं होती.

पाच, बावीस आणि पंधरा. बेचाळीस. नियम पाचाच्या पटीत ठेवतात, म्हणजे पंचेचाळीस. एवढ्या घामानंतर आम्ही सिद्ध केलं होतं की मूळ नियम अगदी बरोबर आहे.

“चांगला नियम आहे,” सर धाप लागलेल्या आवाजात म्हणाले. “ज्याने केला त्याचाही गुडघा दुखत असावा.”

परतताना गाडीत मी कबूल केलं की ताईला कळलंय. मी बोलले नाही, चेहरा बोलला. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले की चेहरे खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. मग म्हणाले, “तिचं विमान सुटलं असतं तर? ती माझ्यासाठी थांबली होती.”

सोमवारी वेळापत्रकवाल्या बाईंसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. नियम हलणार नव्हता. बंबामुळे सहाशे बारा आधी आणता येत नव्हतं. अकराच्या अकरा विमानं मागे ढकलणं शक्य नव्हतं. उरलं होतं एकच: वरच्या शहराचं विमान नऊऐवजी नऊ पाचला सोडायचं. सतरापैकी अकरा माणसं तरी नियमात बसली असती.

“पाच मिनिटं काय झाडाला लागतात?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला ते विमान दिवसभर कुठे कुठे जातं ते सांगितलं. नऊ पाचला निघालं तर तिथून परत फिरायला उशीर, म्हणून दुपारच्या फेरीला उशीर, म्हणून संध्याकाळी हबवर त्याच्या जागी दुसरं उभं. एका पट्टीला धक्का दिला की सहा पट्ट्या ओरडतात. आणि हे सगळं कशासाठी? ज्या विमानातून कोणी पुढे जात नाही, त्यासाठी?

मी सतराचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्याखाली जुना कागद होता: पंचावन्न मिनिटांच्या काळातले रोजचे पंधरा-सोळा, मग एका तारखेपासून शून्य. बाईंनी ती तारीख दोनदा वाचली. चष्मा काढला.

“ही पट्टी मी सरकवली होती. बंबाचं पत्र आलं, दहा मिनिटांत काम उरकलं आणि जेवायला गेले.” त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “पुढे काय जोडलेलं आहे ते बघायचं राहिलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.”

सरांनी त्या वेळी घड्याळात पाहिलं नाही, हे मी त्यांच्या मोठेपणात धरते.

बाई दुपारपर्यंत भिंतीसमोरून हलल्या नाहीत. चार वाजता त्यांनी मला बोलावलं आणि पट्टी दाखवली. वरच्या शहरात ते विमान चाळीस मिनिटं उभं राहतं, पस्तीसात भागतं. तिथल्या माणसांना त्यांनी फोन करून विचारलं होतं, विचारलं म्हणजे सांगितलं होतं. नऊ पाचला निघायचं, तिथे पाच मिनिटं कमी थांबायचं, पुढचा दिवस आहे तसा. पट्टीचा एवढासा तुकडा त्यांनी उजवीकडे सरकवला आणि म्हणाल्या, “आता पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस. निदान या महिन्यात.”

बैठकीत विक्रीवाल्यांनी निळं पाणी दाखवलं, आम्ही सतराचा आकडा दाखवला. निर्णय झाला तो कुणालाच पूर्ण न आवडणारा: सहाशे बाराला एक हंगाम मिळेल. पहिल्या दोन महिन्यांत एका तिकिटावर पुढे जाणारे सलग दोन आठवडे रोज सरासरी दहा झाले तर मार्ग राहील, नाहीतर विमान बेटावर जाईल. बैठक संपल्यामुळे आता बोलायला मोकळीक होती. मी ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली, मुख्यतः सरांच्या बॅगेतल्या वेळापत्रकांवर. मग म्हणाली, “त्या काकांना गुडघ्याला तेल लावायला सांग.”

नवं वेळापत्रक लागू झालं. पहिल्या आठवड्याचा आकडा आला: रोज दोन. दुसऱ्या आठवड्याचा: तीन. तिकीट विभागाकडून याद्या ताडून घेतल्या, तर वरच्या शहराला जाणारे रोज बाराच होते. म्हणजे माणसं तीच, विमानं तीच, वेळ पुरेसा. आणि तरी ती दोन-दोन तिकिटं काढत होती. का, तर दोन वर्षांची सवय. यंत्राने एकदा नाही म्हटलं होतं, त्याला पुन्हा कोण विचारतंय? काही जण तर अजून पळत होते, असं गेटवरच्या मुलीने सांगितलं. पोचून पाच मिनिटं उगाच उभे राहत होते.

कंपनीने सगळ्यांना एक संदेश पाठवला. तो माझ्याही फोनवर आला होता आणि मीही तो न वाचता पुसला होता.

ताईला मी आकडे सांगितले नाहीत, फक्त म्हटलं की लोकांनी एक तिकीट काढलं तर बरं. तिला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. पुढच्या शनिवारी विमान वर गेल्यावर, पट्टे सोडायची परवानगी मिळताच ती उठली आणि मागच्या रांगेपासून सुरुवात करून प्रत्येकाला सांगत पुढे गेली: दोन तिकिटं काढाल तर आपण कुणाला दिसत नाही, आणि दिसलो नाही तर हे विमान जाईल. हवाईसुंदरीने तिला दोनदा जागेवर बसायला सांगितलं, तर तिसऱ्यांदा ताईने तिलाच पुढच्या चार रांगा वाटून दिल्या. रोज पळणाऱ्यांमधल्या त्या उंच माणसाने मंगळवारची आणि गुरुवारची जबाबदारी घेतली.

चौथ्या आठवड्यात आठ. पाचव्यात दहा. सहाव्या आठवड्यात रोजची सरासरी अकरा झाली आणि सरांनी मार्ग राहणार असल्याच्या कागदावर सही करताना नेहमीपेक्षा चार सेकंद जास्त घेतले.

त्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. मागे भाचीचा आवाज होता, तिला काहीतरी आत्ताच्या आत्ता दाखवायचं होतं. ताई म्हणाली की आज तिने स्वतः मोजले, गेटवर उभं राहून, एकेकाला विचारून. वरच्या शहराला जाणारे चौदा.

मी संगणकावर त्या दिवसाची ओळ उघडली. पुन्हा एकदा पाहिली.

“माझ्याकडे तेरा आहेत.”

“चौदा. मी दोनदा मोजलं. तुझा तक्ता पुन्हा चुकला, विद्वान.”

“ताई, तू आजचं तिकीट कधी काढलंस?”

“मागच्या आठवड्यात. फोनवरून, नेहमीसारखं. आधी हबपर्यंतचं काढलं आणि मग...”

फोनवर काही क्षण फक्त भाची बोलत होती.